सांडूअण्णांची सावड

रविवारी सकाळी आमच्या गल्लीतून चार माणसं एखादी मोटार ढकलत कोपऱ्यावरच्या मैदानापर्यंत न्यायची. नवखा माणूस हळहळायचा, एखादा भला असला तर हातही लावायचा. ती गाडी बंद पडलेली नाही, उलट नुकतीच दुरुस्त झालेली आहे आणि किल्ली फिरवली तर लगेच सुरू होईल, हे त्याला कुठून ठाऊक असणार? पण सांडूअण्णा गल्लीत इंजिन सुरू करू द्यायचे नाहीत. त्यांच्या डाव्या हाताला देशमुखकाकांचं घर. काका दम्याचे. ते एकदा भिंतीवरून ओरडले होते, की मला सकाळी कुठे जरा डोळा लागतो आणि तुमच्या इंजिनाने छाती धडधडते. एकदाच ओरडले. पुढच्या रविवारपासून गाड्या ढकलणं सुरू झालं, ते काका वारल्यावरही थांबलं नाही. विचारलं तर अण्णा म्हणायचे, "आता हातापायाला सवय पडली."

अण्णांच्या उजव्या हाताचं घर आमचं. मी शाळेत मराठी शिकवत होते आणि आमचे हे शेतकी खात्यात होते. मी माहेरची नाशिकची. शेजाऱ्याचं नाव 'सांडू' आहे हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढे सिल्लोडला एका लग्नाला गेले तर एका पंगतीत तीन सांडू निघाले, तेव्हा हसणं आपोआप बंद झालं.

अण्णा सिल्लोडकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याघरचे. सरकारी बसच्या वर्कशॉपात मिस्त्री होते. उंच, काटकुळे, खाकी पँट आणि वर बंडी. इंजिन तपासायचं झालं की लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि एक डोळा मिटून उभे राहायचे. मालक बिचारा दुखणं सांगायला तोंड उघडायचा, तर त्याला हातानेच थांबवायचे. "आधी तिला बोलू द्या." कुणी लगबग केली की म्हणायचे, "लोखंडाला घाई कळत नाय." हे वाक्य मी पुढे वर्गात बरंच वापरलं, अर्थात अण्णांचं नाव न सांगता.

सुटे केलेले भाग ते गयावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, एका जुन्या परातीत मांडायचे. पहिला निघालेला नट बाराच्या जागी, पुढचा त्याच्या उजवीकडे, असं घड्याळाच्या काट्यासारखं. जोडताना उलट फिरायचं. एकदा आमच्या ह्यांनी चहाचा कप टेकवायला जागा हवी म्हणून परातीतला एक नट जरा बाजूला सरकवला. अण्णा रागावले नाहीत. "साहेब, कोणता हलवला?" एवढंच विचारलं. ह्यांना सांगता येईना. अण्णांनी शांतपणे परातीतलं सगळं गोळा केलं आणि पहिल्यापासून एकेक भाग जागेवर लावून बघत परात पुन्हा मांडली. त्यात दुपार गेली. तेव्हापासून हे तिथे उभ्यानेच चहा पीत.

आठवड्याचे सहा दिवस बसगाड्या आणि सातव्या दिवशी मित्रांच्या गाड्या. छावणीतला जोसेफ वायरिंगचा कारागीर होता, तो चिडवायचा, की देवानेसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला होता. अण्णा म्हणायचे, "त्याच्याकडं गाडी नसंल."

तर हे मित्र. एक जोसेफ. दुसरे शहागंजातले नासिरभाई. ते गाड्या रंगवायचे, ठोकून पत्रा सरळ करायचे आणि दुकानांच्या पाट्याही लिहायचे. अण्णांच्या भावाचा ट्रॅक्टर जोसेफने वायरिंग करून उभा केला, जोसेफच्या गाडीचं इंजिन अण्णांनी बांधलं, आणि नासिरभाईंच्या टेम्पोला दोघांनी मिळून जीवदान दिलं. ह्यात पैशाचं नाव निघत नसे. मला आधी हा चक्रमपणा वाटायचा. मग एकदा अण्णांनीच सांगितलं.

"आमच्या बापाकडं एक बैल व्हता, बाई. एका बैलानं नांगर चालत नाय. शेजारच्या मळ्यात गफूरचाचा, त्येंच्याकडं बी एकच. दोघांनी मिळून दोन्ही रानं नांगरायची. ह्याला आमच्याकडं सावड म्हनत्यात. आता मला इंजिन येतं, जोसेफला तार येती, नासिरला रंग. आमच्याकडं बी एकेकच बैल हाये की."

सावडीचे नियम बापापासून चालत आलेले. ज्याची पाळी त्याच्याकडे सगळ्यांनी जायचं. कुणाचं रान मोठं, कुणाचं लहान, हे मोजायचं नाही. आणि विकतची वस्तू सावडीत चालत नाही, हाताचं कामच लागतं. ह्या शेवटच्या नियमाने एका कापडवाल्या शेटजींचा घामटा काढला. त्यांची गाडी अण्णांनी दोन रविवार खपून ठीक केली. शेटजी पाकीट घेऊन आले, ते परत गेलं. मिठाईचा डबा आणला, तोही परत. शेवटी भारी साडी घेऊन आले, तेव्हा अण्णा म्हणाले, "शेटजी, हे समदं दुकानात भेटतं. तुमच्या हाताला काय येतं, ते सांगा." शेटजी बाकड्यावर विचार करत बसून राहिले. सगळं आयुष्य गादीवर गेलेलं, हाताला काय येणार? बऱ्याच वेळाने दबक्या आवाजात म्हणाले, "फेटा बांधता येतो." पुढच्या उन्हाळ्यात अण्णांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात शेटजी सकाळपासून मांडवाच्या दारात उभे राहून येईल त्याला फेटा बांधत होते. जोसेफला बांधला, नासिरभाईंना बांधला, बँडवाल्यांनासुद्धा बांधला. दोन दिवस त्यांचे हात वर होत नव्हते, पण इतका खूश माणूस त्या मांडवात दुसरा नव्हता.

आमची जुनी अँबॅसिडरही ह्या सावडीवरच चालायची. ह्यांना कलमं छान बांधता यायची. त्यांनी अण्णांच्या शेतावर आंब्याची कलमं करून दिली आणि ते सावडीत शिरले. मी मात्र बाहेरच होते. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि जायची हौसही नव्हती. तरी अण्णांनी माझं एक काम परस्पर करून टाकलं. आमच्या फाटकासमोर कुणीही गाडी लावायचं, म्हणून मी पुठ्ठ्यावर 'कृपया फाटकासमोर गाडी उभी करू नये' असं लिहून टांगलं होतं. अण्णांनी नासिरभाईंकडून तशीच पत्र्याची पाटी करून आणली. नासिरभाईंनी माझंच अक्षर वळणासकट हुबेहूब उतरवलं होतं. म्हणाले, "मॅडम का अक्षर इत्ता सफाईदार है, मैं अपना कायकू डालूं?" मी फुशारले होते, खोटं कशाला बोलू?

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे, पण त्याशिवाय अण्णा पुरे होत नाहीत.

देशमुखकाका ओरडले तेव्हा अण्णांनी इंजिनाबरोबर ठोकाठोकीही त्यांच्या भिंतीपासून हलवली. हलवली ती कुठे? आमच्या भिंतीशी. आमच्याकडून कधी तक्रार नव्हती, म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. मी मनात धुसफुसत असे, ह्यांच्यावर भांडी आपटत असे, पण अण्णा समोर आले की हसून "बरं आहे ना?" म्हणत असे. एका रविवारी मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. पलीकडे नासिरभाई पत्रा ठोकत होते. त्या हादऱ्याने खिडकीतली तांबड्या शाईची दौत कलंडली आणि आठवी ब च्या गठ्ठ्यावर शाईचा ओघळ गेला. माझं डोकं फिरलं.

तीन पावलं चालून गेले असते आणि देशमुखकाकांसारखी एकदा ओरडले असते, तर काम झालं असतं. पण शिकल्यासवरल्या माणसाला तोंडाने भांडायची लाज वाटते आणि कागदावर भांडायला जोर येतो. मी महापालिकेला तक्रार लिहायला घेतली. निवासी वस्तीत बेकायदा गॅरेज, आवाज, तेलाचे डाग, सगळं कलमवार. ओळख लागू नये म्हणून आधी डाव्या हाताने लिहून पाहिलं. ते अक्षर बघून माझी मलाच शरम वाटली. इतकी वर्षं मुलांना अक्षरावरून बोल लावलेली बाई असला कागद सरकारदरबारी पाठवणार? तो फाडला आणि उजव्या हाताने, समास सोडून, माझ्या नेहमीच्या वळणात लिहिला. खाली सही केली, 'एक त्रस्त नागरिक'. ह्यांनाही सांगितलं नाही.

महिन्याभराने एका संध्याकाळी अण्णा आमच्या दारात आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसले.

"बाई, सावड मागाया आलो. साहेबांची पाळी झाली, तुमची राह्यली व्हती."

त्यांनी खिशातून नोटीस काढली. गॅरेज का बंद करू नये आणि सामान का उचलू नये, ह्याचा लेखी खुलासा मागितला होता. तेवढ्यावर भागलं नव्हतं. नोटिशीची प्रत वर्कशॉपात गेली होती. नोकरीत राहून खाजगी धंदा करतो, असं सिद्ध झालं तर नोकरी जाणार होती आणि तिच्यासोबत निवृत्तीनंतरचं सगळं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. हे माझ्या डोक्यातच आलेलं नव्हतं. मला फक्त रविवारची शांतता हवी होती.

"ह्येला जवाब लिहायचा हाये. आमच्यात लिहिनारं कुनी नाय," अण्णा म्हणाले आणि नोटिशीला टाचलेली तक्रारीची झेरॉक्स त्यांनी माझ्यापुढे धरली. माझंच अक्षर माझ्याकडे बघत होतं. "कोन हाये ते त्येनं लिवलं नाय. अक्षर मातर लई ग्वाड हाये, बाई."

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बाहेर येऊन म्हणाले, "लिहिते. तीन दिवस द्या."

ते तीन दिवस मी शाळेतून रजा घेतली. आयुष्यात इतक्या जिवावर येऊन आणि इतका जीव लावून मी दुसरं काही लिहिलेलं नाही. हे गॅरेज नाही, ही सावड आहे, इथे कुणी मालक नाही आणि कुणी गिऱ्हाईक नाही, हे कचेरीतल्या माणसाला पटेल अशा भाषेत लिहायचं होतं. मग तो कागद घेऊन सह्यांसाठी गल्लीतलं एकेक घर फिरले. जी बाई कुणाकडे हळदीकुंकवापलीकडे जात नसे, ती दारोदार. एका घरी कळलं, अण्णांनी त्यांचा बोअरचा पंप तीनदा काढून बसवला. दुसऱ्या घरी कळलं, शिवणयंत्राचा मोडलेला भाग त्यांनी कानशीने घासून तयार करून दिला. देशमुखकाकूंनी चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांना शेवटी दवाखान्यात त्यांनीच नेलं. त्या दिवशी तेवढी गाडी दारातच सुरू केली. मला आवाज आला तसं मी ओळखलं, की आता काही खरं नाही."

सगळ्यात वर लगतच्या शेजाऱ्याची सही लागणार होती. म्हणजे माझी. मी पूर्ण नाव लिहून सही केली.

सुनावणीला अण्णांबरोबर मीच गेले. महापालिकेचे साहेब चष्म्यातले, कमी बोलणारे. त्यांनी आमचा खुलासा वाचला. मग फायलीतून तक्रार काढून शेजारी ठेवली. दोन्ही कागदांवर तोच समास, तेच वळण. ते एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"हा खुलासा कुणी लिहिला?"

"मी," मी म्हणाले.

"आणि ही तक्रार..."

"सायेब," अण्णा मध्येच बोलले. ते मघापासून छताकडे बघत होते. "ह्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. ऐका, टिकटिक करतंय. आज ना उद्या खाली यील."

साहेबांनी वर बघितलं, मीही बघितलं. पंखा खरंच टिकटिकत होता. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा माझ्याकडे वळले. आता त्यांचा चेहरा बदललेला होता.

"बाई, ह्या त्रस्त नागरिकाचा त्रास संपला, असं लिहून घेऊ का?"

"घ्या," मी म्हणाले.

प्रकरण मिटलं. वर्कशॉपालाही तसं पत्र गेलं. परतीच्या वाटेवर अण्णांनी मला उसाचा रस पाजला, आणि मी तो विष प्यावं तसा प्याले. ते मात्र पंख्याबद्दलच बोलत होते. पुढच्या रविवारी ठोकायचं काम आमच्या भिंतीपासून निघून अंगणाच्या टोकाला, कडुलिंबाखाली गेलं. मी समजले, ऊन लागत असेल, सावलीला गेले असतील.

त्यानंतरची चार वर्षं मी सावडीत होते. जोसेफच्या भाच्याला मराठीच्या परीक्षेची तयारी करून दिली, नासिरभाईंच्या मोहल्ल्यातले नळाचे अर्ज लिहून दिले, कुणाकुणाच्या लग्नपत्रिकांचा मजकूर दिला. रविवारी लिंबाखाली माझीही एक खुर्ची असे. अण्णांना सांगायचं म्हणून मी कितीदा तरी उठले आणि चहाचं विचारून परत बसले.

मग अण्णा निवृत्त झाले. घर विकून गावी, शेतावर राहायला जायचं ठरलं. निघायच्या सकाळी नासिरभाई आमच्या फाटकावरची पाटी पुन्हा रंगवत बसले होते. अण्णांनीच सांगितलं होतं म्हणे, जायच्या आधी बाईंची पाटी नवी करून दे. मी चहा घेऊन गेले. अक्षरावर ब्रश फिरवता फिरवता ते सहज बोलावं तसं बोलले.

"ये हाथ मैं अंधेरे में भी पहचानूं, मॅडम. वो नोटिस का कागद देखा, मैं उसी दिन अण्णा कू बोल्या."

चहा त्यांना द्यायचाच राहिला. "काय म्हणाले ते?"

"फिर बोले, नासिर, कुणाला सांगू नको. बाईंचं कायतरी दुखलं असंल, आपल्याला दिसलं नाय. जवाब त्यांच्याकडूनच लिहून घिऊ. एकदा सावडीत आलेला मानूस भांडत नाय." नासिरभाईंनी ब्रश डब्यात बुडवला. "चार साल हुए. हम में से कोई बोल्या क्या तुमकू?"

म्हणजे जोसेफलाही माहीत होतं. लिंबाखाली माझ्यासाठी खुर्ची मांडणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मला त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि त्याच क्षणी त्या माणसांवर इतकी माया दाटून आली, की दोन्हींचं काय करावं ते कळेना. मी कप तिथेच फाटकाच्या खांबावर ठेवला आणि अण्णांच्या दाराकडे निघाले.

अण्णांची जीप भरून झाली होती. मागे ट्रंका, गाद्या, सगळ्यात वर ती परात दोरीने बांधलेली. गयावहिनी पुढे बसल्या होत्या. अण्णा जीपच्या दाराशी उभे राहून एका हाताने सुकाणू धरत होते, आणि जोसेफ, आमचे हे आणि गल्लीतले दोघे मागून जीप ढकलत होते. सवयीने, मैदानाकडे. मी समोर जाऊन उभी राहिले. चार वर्षं घोकलेलं वाक्य बाजूलाच राहिलं.

"अण्णा, इथंच सुरू करा."

ढकलणारे थांबले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग फाटकाशी ब्रश घेऊन उभ्या असलेल्या नासिरभाईंकडे बघितलं, आणि त्यांना कळलं.

"आवाज व्हईल, बाई."

"होऊ द्या. मला ऐकायचाय."

ते जीपमध्ये चढून बसले. किल्लीला हात लावला. "आसं तोंडानं सांगायचं व्हतं की कवाच," ते म्हणाले. बोलण्यात राग नव्हता. मुलाला गणित चुकल्यावर समजावून सांगावं तसं म्हणाले.

जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आवाजाने देशमुखकाकू घाबऱ्या घाबऱ्या दारात आल्या, तर अण्णांनी त्यांना हात हलवून दाखवला, की तसं काही नाही. मग गरज नसताना दोनदा जोरात रेस दिली आणि निघाले. कोपऱ्यावरून जीप दिसेनाशी झाली, पण जळगाव रस्त्याला लागेपर्यंत तिचा आवाज येत होता. आमचे हे केव्हाच घरात गेले होते. मी रस्त्यात उभी राहून तो ऐकत होते.